बंदिवानांची पदयात्रा

ज्युबिलीच्या ह्या स्मरणिकेसाठी चार शब्द लिहावेत, अशी कमिटीची आज्ञा झाली. आपल्या देवळाचा इतिहास इतरांनी अधिक अधिकाराने लिहिला आहे; म्हणून मी एका दूरच्या इतिहासाकडे वळलो आहे. त्याला कारणही तसेच घडले. ज्युबिलीच्या दिवशी आपली तरुण मंडळी आजा-पणजांच्या वेशात गावाच्या वेशीपासून देवळापर्यंत चालत येणार, असे ठरले आहे. घरोघरच्या पेट्यांच्या तळाशी जपून ठेवलेली लाल लुगडी आणि लाल टोप्या बाहेर निघाल्या आहेत. ह्या बेताची चर्चा चालू असता एका वृद्ध बाईंनी विचारले, "फादर, नुसते चालायचे, की कोणासाठी तरी चालायचे?" त्या सभेत मला उत्तर सुचले नाही. हा लेख म्हणजे ते उशिरा दिलेले उत्तर होय.

भक्तीसाठी चालणे आपल्या मुलखाला नवे नाही. पंढरीची वारी ज्याने पाहिली आहे, त्यास पायांनी केलेली प्रार्थना म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. पाश्चात्त्य देशांत आता धर्मादाय निधीसाठी मैलोगणती चालण्याची रीत पडली आहे, आणि कित्येक मंडळी जुन्या काळचा पोषाख चढवून रानावनांतून, खेड्यापाड्यांतून असे चालतात. लोकांस ही नवी टूम वाटते. परंतु कित्येक शतकांपूर्वी युरोपात अशी एक पदयात्रा निघत असे, की तिच्यातील पोषाख फाटक्या वस्त्रांचा आणि साखळदंडांचा होता, आणि तिच्यात जमलेल्या पैशांवर माणसांची सुटका अवलंबून होती. सेमिनरीत असता ख्रिस्तसभेच्या इतिहासाच्या तासाला तिचा उल्लेख दोन ओळींत उरकला गेला होता. त्या दोन ओळींच्या मागे केवढी कथा आहे, हे मला पुढे वाचनात कळले.

भूमध्य समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावर अल्जीयर्स, ट्युनिस आणि ट्रिपोली ही बंदरे होती, आणि मोरोक्कोच्या किनाऱ्यावर साले हे गाव. सोळाव्या, सतराव्या व अठराव्या शतकांत ह्या बंदरांतील चाचे ख्रिस्ती देशांची गलबते पकडीत आणि स्पेन, इटली इत्यादी देशांच्या किनाऱ्यांवर उतरून खेड्यांतील माणसे धरून नेत. कोळी, खलाशी, व्यापारी, शिपाई, प्रसंगी स्त्रिया आणि मुले, सारी बाजारात विकली जात. कोणी जहाजाच्या वल्ह्यांस बांधला जाई, कोणी दगडांच्या खाणीत, कोणी धन्याच्या बागेत राबे. पुष्कळांस रात्री 'बान्यो' नावाच्या बंदिशाळेत कोंडीत. त्या बंदिशाळांतूनही लहान प्रार्थनामंदिरे होती आणि बंदिवान धर्मगुरू तेथे मिस्सा अर्पण करीत, ही गोष्ट आपण लक्षात ठेवण्याजोगी आहे.

मात्र हा इतिहास सांगताना तराजूची दुसरी बाजू झाकून ठेवणे न्यायाचे होणार नाही. माल्टा, लिव्होर्नो, मार्सेय ह्या ख्रिस्ती बंदरांतही धरून आणलेले मुसलमान गुलाम होते, आणि फ्रान्सच्या राजाच्या गलबतांवर तेही वल्ही मारीत होते. त्यांच्याही आया दारात वाट पाहत बसत असतील. पाप एकाच किनाऱ्याचे नव्हते.

ह्या दुःखावर ख्रिस्तसभेने जो उपाय योजिला, तो दोन संन्यस्त संघांच्या रूपाने. पहिला संघ पवित्र त्रैक्याचा, म्हणजे त्रिनितेरियन संघ. त्याचे संस्थापक संत जॉन द माथा. 17 डिसेंबर 1198 रोजी पोप तिसरे इनोसंट ह्यांनी त्याच्या नियमावलीस मान्यता दिली. तिच्यातील एक कलम असे, की संघास जे काही उत्पन्न होईल त्याचा तिसरा हिस्सा बंदिवानांच्या मुक्तीसाठी बाजूला काढून ठेवावा. मठाचे छप्पर गळत असले तरी तो हिस्सा बंदिवानांचा. दुसरे कलम असे, की ह्या बंधूंनी घोड्यावर बसू नये. प्रवासाला गाढव पुरे. म्हणून लोक त्यांस 'गाढववाले बंधू' म्हणत, आणि ती थट्टा त्यांनी आनंदाने सोसली. रोम शहरात सान तोमासो इन फोर्मिस नावाचे त्यांचे जुने देवालय आहे. त्याच्या दाराशेजारी 1210 च्या सुमाराचे एक रंगीत खड्यांचे चित्र आहे. मध्ये प्रभू ख्रिस्त बसला आहे, आणि त्याने दोन्ही हातांनी दोन बेडी घातलेल्या बंदिवानांस धरिले आहे. त्यांपैकी एक गोरा व एक काळा. दोन्ही किनाऱ्यांवरील बंदिवान प्रभूच्या हाती सारखेच आहेत, हे त्या चित्रकाराने आठशे वर्षांपूर्वी जाणले होते.

दुसरा संघ दयामातेचा, म्हणजे मर्सिडेरियन. संत पीटर नोलास्को ह्यांनी तो 1218 साली बार्सिलोना येथे स्थापिला आणि 1235 साली पोप नववे ग्रेगरी ह्यांनी त्यास मान्यता दिली. दारिद्र्य, ब्रह्मचर्य व आज्ञापालन ह्या तीन व्रतांखेरीज ह्या संघाचे चौथे व्रत होते. एखाद्या बंदिवानाची श्रद्धा धोक्यात असेल आणि खंडणीचे द्रव्य पुरेनासे होईल, तर त्याच्या जागी स्वतः ओलीस राहावयाचे. द्रव्य संपले म्हणजे देह उरतो, असा त्या व्रताचा अर्थ.

आता हे द्रव्य येई कोठून? राजे-सरदारांकडून काही येई. परंतु पुष्कळसे येई ते देवळांतील पेट्यांतून, मृत्युपत्रांतून आणि गावोगाव फिरणाऱ्या झोळीतून. जिने समुद्र कधी पाहिला नाही अशी शेतकऱ्याची विधवा आपल्या गाठीचा पैसा त्या झोळीत टाकी. पुरेशी रक्कम जमली, म्हणजे दोन्ही पक्षांचे परवाने घेऊन संघाचे पाद्री समुद्रापार जात. तेथील सौदा कठीण असे. अल्जीयर्सच्या राज्यकर्त्याचे स्वतःचे गुलाम आधी, आणि तेही त्याने सांगितलेल्या भावाने, विकत घ्यावे लागत. त्यावर बंदराचे कर, दरवाज्यांचे कर, अधिकाऱ्यांच्या भेटी. यादीतील शंभर नावांपैकी कोणाच्या नावावर काट मारावयाची, हा निर्णय त्या पाद्र्यांस करावा लागे. मी धर्मगुरू आहे; त्या रात्री त्यांस झोप कशी लागली असेल, ह्याचा विचार माझ्या मनात वारंवार येतो.

ह्या सौद्याचे एक उदाहरण जगप्रसिद्ध आहे. 'दोन किखोते' ह्या ग्रंथाचा कर्ता मिगेल द सर्वांतेस हा 1575 साली चाच्यांच्या हाती सापडला आणि पाच वर्षे अल्जीयर्समध्ये गुलाम होता. त्याने चार वेळा पळण्याचा प्रयत्न केला व चारही वेळा तो फसला. त्याचा भाऊ रोद्रिगो 1577 साली सुटला. परंतु मिगेलची किंमत पाचशे सोन्याची नाणी ठरली होती. आई आणि बहीण ह्यांनी जमविलेली रक्कम तिला पुरेना. 19 सप्टेंबर 1580 रोजी, त्याचा धनी त्यास कॉन्स्टँटिनोपलला घेऊन निघण्याच्या तयारीत असता, फादर हुआन हिल नामक त्रिनितेरियन पाद्र्याने भिक्षेच्या निधीतून व व्यापाऱ्यांकडून उरलेली भर घालून त्यास सोडविले. त्या झोळीत पैसे टाकणाऱ्यांपैकी एकासही ठाऊक नव्हते, की आपण एक महाकवी विकत घेत आहोत. त्यांनी एक माणूस विकत घेतला होता, एवढेच. 1616 साली सर्वांतेस मरण पावला तेव्हा त्याचा देह माद्रिद येथील त्रिनितेरियन भगिनींच्या मठात पुरण्यात आला.

आता मूळ विषयाकडे येतो. सुटलेले बंदिवान जहाजाने स्वदेशी आले, म्हणजे त्यांनी सरळ घरी जावे, असे आपणांस वाटेल. परंतु फ्रान्समध्ये तशी रीत नव्हती. मार्सेय बंदरात प्रथम रोगाच्या भीतीने त्यांस काही दिवस अलग ठेवीत. मग देवालयात 'ते देउम' हे आभारगीत होई, आणि त्यानंतर सुरू होई ती पदयात्रा. मार्सेयपासून पॅरिसपर्यंतचे अंतर साडेसातशे किलोमीटरांहून अधिक आहे. एक्स, आव्हिन्यों, लियों अशा शहरांतून, आणि मधल्या असंख्य खेड्यांतून, ही माणसे पाद्र्यांच्या मागून चालत येत. अंगावर बंदिवासाचा वेश किंवा संघाच्या क्रुसाचा अंगरखा, आणि हातांत वा खांद्यावर साखळदंड. शहरांत मिरवणूक निघे तेव्हा देवदूतांचा पोषाख केलेली लहान मुले त्यांच्या बाजूने चालत. पुढे पताका, वाजंत्री, आणि बरोबर दानपेट्या.

हे सारे कशासाठी? जे मागे राहिले होते त्यांच्यासाठी. ज्या गावाने झोळीत पैसा टाकला होता, त्या गावाला आपला पैसा आता दोन पायांनी चालत आलेला दिसे. 'अल्जीयर्समधील बंदिवान' ही आजवर प्रवचनातील एक गोष्ट होती. आता त्या गोष्टीला चेहरा आला, आवाज आला, पायाला पडलेला घट्टा आला. ज्यांचा मुलगा अजून तिकडे अडकला होता, ते ह्या रांगेतील प्रत्येकाला थांबवून नाव घेऊन विचारीत असतील, ह्यात शंका ती कोणती? दूरचा मनुष्य चालत चालत शेजारी झाला, म्हणजे मग त्याच्यासाठी हात खिशाकडे जातो. चांगल्या शोमरोनीच्या दाखल्यात तरी प्रभूने दुसरे काय शिकविले आहे?

अशा यात्रांपैकी अखेरची मोठी यात्रा 1785 सालची. त्या वर्षी दोन्ही संघांनी एकत्र येऊन अल्जीयर्सहून तीनशेंहून अधिक फ्रेंच बंदिवान सोडविले. जुलैत ते मार्सेयला उतरले आणि ऑक्टोबरात पॅरिसच्या रस्त्यांतून त्यांची मिरवणूक निघाली. चारच वर्षांनी फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली. 1790 साली तेथील संन्यस्त संघ बरखास्त झाले आणि ही प्रथा संपली. समुद्रावरील बंदिवासाचाही अंत जवळ आला होता. माल्टातील मुसलमान गुलामांस 1798 साली नेपोलियनने मुक्त केले. 1816 साली इंग्रज व डच आरमाराने अल्जीयर्सवर तोफा डागून उरलेल्या ख्रिस्ती बंदिवानांची सुटका करून घेतली.

येथवर वाचून ही प्रथा निर्दोष होती असे कोणी समजू नये. ज्याला आपल्या घराण्याचा किंवा देवळाचा इतिहास खरा सांगावयाचा आहे, त्याने डाग झाकता कामा नयेत. वास्तविक त्या बंदिवानांच्या बेड्या अल्जीयर्समध्येच निघाल्या होत्या. मिरवणुकीतील साखळदंड पुष्कळदा दाखविण्यापुरते दिलेले असत. सुटका झालेल्या माणसास ठराविक काळ पाद्र्यांबरोबर गावोगाव फिरण्याचे बंधन असे. ते पुरे झाले म्हणजेच त्यास मुक्तीचा दाखला व वाटखर्ची मिळे. वर्षानुवर्षे घराची वाट पाहिलेल्या मनुष्यास आपले गाव उजव्या हाताला सोडून डावीकडच्या शहरात मिरवणुकीला जावे लागले, तर त्याच्या जिवाला काय वाटत असेल? कित्येक जण वाटेतूनच पळून गेले. मुक्त करणाऱ्यांपासून मुक्त होण्यासाठी ते पळाले, हे लिहिताना लेखणी अडखळते. शिवाय कोणत्या प्रांतात कोणी भिक्षा मागावी, ह्यावरून दोन्ही संघांत तंटे होत आणि ते राजदरबारापर्यंत जात. बंदिवान दोघांचाही एकच, प्रभू एकच, आणि भांडण झोळीच्या हद्दीचे! आपल्यातील निरनिराळ्या मंडळांनी हे वाचून स्वतःशीच हसावे, म्हणजे झाले.

वेशाच्या मागून सोंगही आले. खोटे बंदिवान गावोगाव हिंडून पैसे गोळा करू लागले. ह्या सोंगाड्यांची गोष्ट खुद्द सर्वांतेसने आपल्या अखेरच्या कादंबरीत, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर 1617 साली प्रसिद्ध झालेल्या 'पेर्सिलेस' मध्ये, लिहून ठेविली आहे. दोन तरुण एका खेड्याच्या चौकात रंगविलेला पडदा मांडून आपल्या बंदिवासाची करुण कहाणी सांगत असतात. दुर्दैवाने गावचा एक पाटील स्वतः अल्जीयर्समध्ये बंदिवान राहिलेला असतो! शहराला वेशी किती, विहिरी किती, असे साधे प्रश्न तो विचारतो आणि दोघांची भंबेरी उडते. ते भुकेले विद्यार्थी निघतात. अखेर तो पाटील त्यांस शिक्षा करीत नाही. उलट, घरी चला, मी तुम्हांला अल्जीयर्सची नीट माहिती शिकवितो, म्हणजे पुढे कोणी तुम्हांस पकडणार नाही, असे म्हणतो. ज्याने खऱ्या बेड्या वाहिल्या होत्या, त्या लेखकाने खोट्या बेड्यांवर इतक्या मायेने हसावे, ह्यात मला त्याच्या मनाचा मोठेपणा दिसतो. दुःख ज्याने भोगले तो क्षमा करू शकतो. दुःखाचे नुसते प्रदर्शन मांडणाऱ्यास ते जमत नाही.

वाचकहो, ह्या साऱ्याचा आपल्याशी संबंध काय, असे आपण विचाराल. संबंध आपल्या जिभेवरच आहे. आपल्या वसईत रमेदी आणि मर्सेस अशी दोन स्थळे आहेत. रमेदी म्हणजे उपायमाता. ह्याच नावाने त्रिनितेरियन संघ पवित्र मातेस आपली आश्रयदाती मानीत आला आहे. मर्सेस म्हणजे दयामाता. हेच मर्सिडेरियनांच्या मातेचे नाव, आणि तिचा सण 24 सप्टेंबर. वसईच्या किल्ल्यात पोर्तुगीज काळी 'मिझेरिकोर्दिया' नावाची दयाकार्याची संस्थाही होती. अशी पहिली संस्था 1498 साली लिस्बन येथे निघाली होती, आणि कैद्यांची काळजी वाहणे हे तिच्या कामांपैकी एक होते. आपण लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात दयेची सात शारीरिक कार्ये पाठ केली. बंदिवानांस सोडविणे हे त्यांत होते. पाठ केले, आणि पुढे गेलो.

आणि 'ज्युबिली' हा शब्द तरी कोठला? तो हिब्रू भाषेतील मेंढ्याच्या शिंगाच्या नावावरून आला आहे. लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात सांगितले आहे, की पन्नासाव्या वर्षी ते शिंग फुंकावे, गहाण पडलेली जमीन मूळ कुळाकडे परत जावी आणि कर्जापायी विकला गेलेला मनुष्य मोकळा होऊन आपल्या घरी जावा. नासरेथच्या सभास्थानात प्रभूने यशयाच्या ग्रंथातून जो भाग वाचून दाखविला, त्यातही बंदिवानांच्या सुटकेची घोषणा होती. म्हणजे ज्युबिली हे मूळचे मंडपाचे, रोषणाईचे किंवा जेवणावळीचे नाव नव्हे. ते सुटकेचे नाव आहे. ज्या ज्युबिलीत कोणीही सुटला नाही, तिच्यात शिंग वाजले, एवढेच म्हणावे लागेल.

तेव्हा त्या आजीबाईंच्या प्रश्नाला माझे उत्तर असे. आपण कोणासाठी तरी चालू. आजही आपल्या तुरुंगांत असे गरीब लोक आहेत, की न्यायालयाने जामीन मंजूर केला असूनही ती रक्कम भरावयास कोणी नाही, म्हणून ते आतच राहिले आहेत. वेठबिगारी 1976 च्या कायद्याने बंद झाली. तथापि सावकाराच्या वहीत अडकलेली कुटुंबे आपल्या जिल्ह्याच्या डोंगरकडेला आजही भेटतात. ज्युबिलीच्या मिरवणुकीत सर्वांच्या पुढे एक साधी झोळी असावी आणि तिच्यात जे पडेल ते अशा माणसांच्या सुटकेसाठी जावे, अशी माझी विनंती आहे. तसेच आपल्या ज्युबिलीच्या एकंदर खर्चाचा तिसरा हिस्सा त्या जुन्या नियमाप्रमाणे त्याच झोळीत घालावा. मंडपाला झालर थोडी कमी लागली, तर संत जॉन द माथा रागावणार नाहीत.

आणि त्या फ्रेंच मिरवणुकींपासून एक धडाही आपण घ्यावा. ज्यांची सुटका होईल त्यांस आपण मंचावर बोलावणार नाही, त्यांचे नाव ध्वनिक्षेपकावर उच्चारणार नाही, त्यांच्या गळ्यात हार घालून छायाचित्र काढणार नाही. ते सुटतील आणि सरळ आपल्या घरी जातील. त्यांच्या आईला भेटण्याच्या वाटेत आपले देऊळ आडवे येऊ नये. जुना वेश चढवावयाचा आहे तो आपण चढवू. धुळीतून चालावयाचे आहे ते आपण चालू.

आपल्या पूर्वजांची लुगडी व टोप्या अंगावर घालताना हेही आठवावे, की त्या वस्त्रांत त्यांनी शेते कसली, मीठ वाहिले आणि ह्या देवळाचे दगड डोक्यावरून आणले. ती वस्त्रे शोभेची नव्हती. ज्युबिलीच्या दिवशी ती पुन्हा एकदा कामाला लागोत. रमेदीची माता आणि दयामाता आपल्या पावलांबरोबर चालो, आणि सायंकाळपर्यंत कोठल्या तरी अंधाऱ्या कोठडीचे एक दार उघडो, हीच प्रभुचरणी प्रार्थना.